टिक नको, आकडा लिहा

मा. संपादक,
सा. न. वि. वि.

जानेवारी संपत आला की आमच्या इमारत-देखभालीच्या धंद्यात 'बी फॉर्म'ची धांदल सुरू होते. ज्यांना हा फॉर्म ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, 2006 नुसार इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक एजन्सीकडून आपली अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला घ्यायचा आणि तो अग्निशमन दलाकडे द्यायचा असतो. त्या दाखल्याचं नाव बी फॉर्म. मी औंधच्या आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलो, चिंचवडच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला लागलो, 2003 पासून हिंजवडीच्या आयटी इमारतींमध्ये फॅसिलिटीचं काम केलं आणि चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. इतक्या वर्षांत असे किती फॉर्म माझ्या हातून गेले याचा हिशेब नाही. त्यांतल्या काहींबद्दल मला आज बोलायचं आहे, कारण ते खरे आहेत असं मला वाटत होतं आणि ते खरे नव्हते.

2011 सालची गोष्ट. इमारतीचं नाव सांगत नाही. रात्री पावणेतीनच्या सुमारास चौथ्या मजल्यावर यूपीएसच्या बॅटरी रूममधून धूर निघू लागला. सिक्युरिटीच्या मुलाने वायरलेसवर सांगितलं, आम्ही तिघं धावलो, सप्लाय तोडला, सीओटूचे दोन सिलिंडर रिकामे केले. बॅटरीची आग दबली. पण शेजारच्या स्टोअरमध्ये कॉम्प्युटरचे रिकामे खोके छतापर्यंत रचलेले होते, ते पेटले. मी होज बॉक्स उघडला, पाइप जोडला आणि वॉल्व्ह फिरवला. पहिली पाच-सात सेकंदं पाण्याला चांगला जोर होता. मग हातातला पाइप मऊ पडला. ज्याने तो अनुभव घेतलाय त्यालाच कळेल की त्या क्षणी पोटात काय होतं.

खाली दुसऱ्या बेसमेंटला पंपरूम. तिथला मेन पंप आपोआप सुरू व्हायला हवा होता. लाइनमधलं प्रेशर घसरलं की आधी छोटा जॉकी पंप लागतो, त्याने भागलं नाही की मेन पंप लागतो, अशी ती रचना असते. पण पॅनलवरचा सिलेक्टर स्विच 'ऑटो'वर नव्हता, 'मॅन्युअल'वर होता. सिक्युरिटीचा तोच मुलगा सहा जिने उतरून गेला आणि त्याने हाताने पंप चालू केला. साधारण चार मिनिटं गेली. स्टोअर जळालं, माणसं वाचली. मजल्यावर रात्रपाळीचे शंभरावर लोक होते.

सकाळी मी पंपरूमचं रजिस्टर काढलं. 'पंप ऑटो मोडवर' असा एक रकाना त्यात होता. नऊ दिवस मागे गेलो, नऊही दिवस त्यात बरोबरची खूण होती. एकाच पेनाने आणि एकाच वळणाने. चौकशी केल्यावर उलगडा झाला. बेसमेंटच्या लाइनमधलं एक कपलिंग गळत होतं, त्यामुळे जॉकी पंप दर काही मिनिटांनी चालू-बंद, चालू-बंद होत होता. मोटर जळू नये म्हणून इलेक्ट्रिशियनने स्विच मॅन्युअलवर केला, पुढच्या शिफ्टला तोंडी सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तो गावी गेला. त्याचा हेतू वाईट नव्हता. टिक मारणारा मुलगाही आळशी नव्हता. एकट्याकडे चार इमारतींचे पंप आणि डीजी सेट, म्हणजे डिझेल जनरेटर, होते, आणि सकाळी आठच्या आत सगळं भरून मला द्यायचं होतं. त्या नऊही पानांवर खाली माझी सही होती.

संपादक महोदय, हे सगळं लिहायचं कारण तिथेच आहे. त्या जानेवारीचा आमचा बी फॉर्म वेळेवर गेलेला होता. एजन्सीचा माणूस आला तेव्हा पंप ऑटोवरच होता, त्यामुळे दाखला खोटा नव्हता. पण तो एका दिवसाचा दाखला होता. उरलेल्या दिवसांचा पुरावा म्हणजे आमचं रजिस्टर, आणि त्या रजिस्टरात टिका होत्या.

त्यानंतर मी एक बदल केला आणि निवृत्त होईपर्यंत तो सोडला नाही. रजिस्टरमधून टिकेचा रकाना काढून टाकला. आकडा लिहायचा. हायड्रंट लाइनचं, म्हणजे आग विझवायच्या पाण्याच्या लाइनचं, प्रेशर किती? दर चौरस सेंटिमीटरला 7.2 किलो. डिझेल पंपाच्या टाकीत डिझेल किती? बॅटरीचं व्होल्टेज किती? जॉकीचा अवर मीटर काय दाखवतो? आकडा लिहायचा तर गेजसमोर उभं राहावं लागतं. आणि आकड्याचा दुसरा गुण असा की रोजचे आकडे शेजारी शेजारी आले की ते आपसात बोलायला लागतात. सोमवारी 7.2, बुधवारी 6.8, शुक्रवारी 6.1 असं दिसलं की लाइन कुठेतरी गळतेय हे कोणी सांगावं लागत नाही. टिक मात्र सोमवारीही तशीच दिसते आणि शुक्रवारीही.

यातही माझ्याकडून एक चूक झाली. काही महिन्यांनी मला दिसलं की एका इमारतीत सलग अकरा दिवस 7.2 च लिहिलंय. मला वाटलं, पोरगा खुर्चीत बसून लिहितोय. मी त्याला सगळ्यांदेखत बोललो. तो काही न बोलता मला पंपरूममध्ये घेऊन गेला, ड्रेन वॉल्व्ह उघडला, पाणी धो धो सुटलं आणि गेजचा काटा 7.2 वरच राहिला. काटा अडकलेला होता. मुलगा रोज तिथे जाऊन दिसेल तो आकडा प्रामाणिकपणे लिहीत होता. मी त्याची सगळ्यांसमोर माफी मागितली, आणि त्या दिवसापासून आठवड्यातून एकदा पाणी सोडून काटा हलतो का ते बघायचं असं ठरलं. खराब गेज त्या अकरा आकड्यांमुळेच सापडला. टिका असत्या तर तो वर्षानुवर्षं तसाच राहिला असता.

चिंचवडच्या कारखान्यात असताना शॉपच्या भिंतीवर एका कोपऱ्यात चुना लावल्याची तारीख रंगवलेली असायची. मला तेव्हा त्याचं हसू यायचं. पुढे कळलं की 1948 च्या कारखाना अधिनियमातच ते होतं. भिंतींना चुना द्यायचा तर तो 14 महिन्यांतून एकदा तरी द्यायचा आणि कोणत्या तारखेला दिला ते नोंदवहीत लिहायचं. पिण्याच्या पाण्याजवळ बहुसंख्य कामगारांना कळेल अशा भाषेत 'पिण्याचे पाणी' असं लिहायचं, आणि मुतारी किंवा संडासापासून सहा मीटरच्या आत ते पाणी ठेवायचं नाही. ज्यांनी हा कायदा लिहिला त्यांना भिंत, नळ आणि पाटी यांचं महत्त्व कळत होतं. कामगाराचं आरोग्य या गोष्टींत असतं, आणि या सगळ्या गोष्टी मेंटेनन्सवाल्याच्या हातातल्या आहेत. आता त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता आली आहे. 21 नोव्हेंबर 2025 पासून ती लागू झाली. कंत्राटी कामगारांच्या सोयीसुविधा पुरवण्याची जबाबदारी तिने मुख्य मालकावर टाकली आहे. ठेकेदाराकडे बोट दाखवून चालणार नाही. माझ्या मते ही फार मोलाची गोष्ट आहे, कारण आयटी पार्क असो, मॉल असो की हॉस्पिटल, इमारत सुरक्षित ठेवणारी बहुतेक माणसं ठेकेदाराचीच असतात.

'कामगारांना कळेल अशा भाषेत' हे शब्द माझ्या मनात राहिले ते एका मावशींमुळे. हाऊसकीपिंगमध्ये आर-1, आर-2, आर-6 अशा नंबरांची केमिकल असतात. आर-6 हे संडासाच्या भांड्यासाठीचं, त्यात ॲसिड असतं. त्यात ब्लीचिंगचं पाणी मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो. हे सगळं लिहिलेला कागद आमच्या केमिकल रूमच्या दारावर लॅमिनेट करून लावलेला होता, इंग्रजीत, बारीक अक्षरात, चार पानी. ऑडिटवाल्याने तो पाहिला आणि पुढे गेला. एका दुपारी मावशी तिसऱ्या मजल्याच्या टॉयलेटमधून खोकत बाहेर आल्या, डोळ्यांतून पाणी, श्वास लागलेला. डाग निघेना म्हणून त्यांनी दोन्ही एकत्र ओतलं होतं. त्यांना मोकळ्या हवेत नेलं, दवाखान्यात नेलं, संध्याकाळपर्यंत बऱ्या झाल्या. मी विचारलं, "मावशी, दारावर लिहिलंय ना, वाचलं नाही का?" त्या म्हणाल्या, "साहेब, ते तुमच्यासाठी लावलंय असं वाटलं."

त्याच आठवड्यात आम्ही तो कागद काढला. मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरात चार ओळी लिहिल्या. कोणतं कशासाठी, कशात काय मिसळायचं नाही, डोळ्यांत गेलं तर किती वेळ पाण्याने धुवायचं, कोणाला हाक मारायची. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत केमिकल भरायला बंदी केली. ही सवय आजही जागोजागी दिसते आणि ती फार घातक आहे, कारण तहान लागलेला माणूस बाटली बघतो, वास घेत बसत नाही.

मॉक ड्रिलबद्दलही थोडं लिहितो. आधी मेल जातो, अकराला हूटर वाजतो, लोक चहाचे कप घेऊन खाली येतात, फोटो निघतो, अहवाल फाइलला लागतो. एकदा मी असेंब्ली पॉइंटला, म्हणजे सगळ्यांनी खाली जमायच्या जागी, उभा राहून मोजणी बघत होतो. आयकार्डवाल्यांची संख्या जुळली. पॅन्ट्रीची चार मुलं आणि पाच हाऊसकीपिंगवाल्या त्या यादीतच नव्हत्या. त्यांतल्या दोघी पाचव्या मजल्याच्या टॉयलेटमध्ये होत्या, ड्रिल संपेपर्यंत तिथेच. ड्रिल साहेबांसाठी असतं, आपण कामाच्या वेळेत खाली गेलो तर सुपरवायझर रागवेल, असं त्यांना वाटलं. 29 डिसेंबर 2017 ला मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलमध्ये आग लागली आणि 14 जण गेले. त्यांतले कित्येक टॉयलेटमध्ये गुदमरले, कारण बाहेर पडायची वाट त्यांना सापडली नाही. ती बातमी वाचली तेव्हा मला या दोघी आठवल्या आणि रात्रभर झोप लागली नाही. इमारतीचा जिना न् जिना ज्यांना माहीत असतो त्यांनाच आपण ड्रिलमधून वगळतो. हाऊसकीपिंगच्या बायका आणि सिक्युरिटीची मुलं यांना मजल्याचे मार्शल करा. कोणत्या दाराची कडी घट्ट बसते, कोणत्या जिन्यात जुन्या खुर्च्या रचल्यात, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसतं.

आता सर्वांत जड विषय. एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाची टाकी. आता प्रत्येक मोठ्या इमारतीत, मोठ्या सोसायटीत ती असते. तिच्यात साचणारा हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं आणि वास येणं थांबतं. 'वास येत नाही, म्हणजे गॅस नाही' असं समजून माणूस उतरतो. एक पडला की दुसरा त्याला काढायला उडी घेतो, आणि मग तिसरा. अशा बातम्या आपल्या वर्तमानपत्रात दरवर्षी येतात. 2013 च्या कायद्याने सुरक्षा साधनांशिवाय गटारात किंवा सेप्टिक टाकीत माणूस उतरवण्यावर बंदी आहे. 20 ऑक्टोबर 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली.

एका सकाळी मी एसटीपीवर गेलो तर ठेकेदाराचा माणूस टाकीच्या तोंडाशी चप्पल काढून उभा होता. पन्नाशीचे काका, कमरेला दोरी. बाजूच्या टेबलावर वर्क परमिट, म्हणजे टाकीत उतरायच्या परवानगीचा कागद, भरून तयार होतं. ऑक्सिजन 20.9, हायड्रोजन सल्फाइड शून्य, सही, वेळ. आकडे होते, टिका नव्हत्या. मला बरं वाटलं. मग सहज गॅस डिटेक्टर मागितला. तो ऑफिसच्या कपाटात होता, खोक्यात, आणि त्याची बॅटरी संपलेली. परमिट आदल्या दिवशीच्या कागदावरून उतरवलं होतं. मी काम थांबवलं. काका म्हणाले, "साहेब, वीस वर्षं उतरतोय, काही होत नाही." दुपारी डिटेक्टर चार्ज करून, दोरीने टाकीच्या तळापर्यंत सोडला. अर्ध्यावर जाईपर्यंतच तो वाजायला लागला. काका बराच वेळ त्या आवाजाकडे बघत राहिले. नंतर म्हणाले, "पोरीचं लग्न आहे मे महिन्यात." एवढंच.

त्या दिवसापासून माझा नियम पक्का झाला. आकडा लिहायचा तो मशिनसमोर, आणि मशिनच्या डिस्प्लेचा फोटो वेळेसकट परमिटला जोडायचा. टाकी उतरून साफ करायची गरजच शक्यतो पडू नये म्हणून सक्शनची गाडी बोलवायची. गाडीचा खर्च जास्त येतो, हे खरं आहे. त्यावरून माझे व्यवस्थापनाशी खटके उडाले आणि मी माघार घेतली नाही, याचं मला समाधान आहे.

खर्चाचा विषय निघालाच आहे म्हणून लिहितो. देखभालीचं टेंडर बहुतेक ठिकाणी सर्वांत कमी दर देणाऱ्याला जातं. दर पाडायला ठेकेदार माणसं कमी करतो. रात्रपाळीचा पंप ऑपरेटर आणि इलेक्ट्रिशियन एकच होतो. तो माणूस बेसमेंटला गेला की पॅनलसमोर कोणी नाही, पॅनलसमोर बसला की बेसमेंटला कोणी नाही. रजिस्टर मात्र दोन्हींचं भरावं लागतं. मग टिका मारल्या जातात. त्या टिकांसाठी त्या माणसाला दोष देणं मला पटत नाही. नोंद मागायची तर नोंद करायला लागणारा वेळ आणि माणूस टेंडरमध्येच धरायला हवा. आमच्या एका इमारतीत सगळ्या नोंदी नीट घ्यायला एका शिफ्टला दीड तास लागतो असं मी घड्याळ लावून मोजलं होतं. तो दीड तास कोणत्याही टेंडरमध्ये कधी लिहिलेला मी पाहिला नाही.

आणि बिघाड लिहिणाऱ्याला शिक्षा होऊ नये. ज्या रजिस्टरात वर्षभर एकही बिघाड नाही त्यावर मी विश्वास ठेवत नाही. पंप, केबल, दरवाजे, लिफ्ट ही सगळी झिजणारी वस्तू आहे, ती बिघडणारच. होज बॉक्समधलं पितळी नोझल चोरीला जाणार, फायर डोअरला कोणीतरी लाकडाची पाचर लावणार, कारण तिथून चहा नेणं सोपं जातं. स्मोक डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळी घातलेली प्लॅस्टिकची टोपी काढायची राहून जाणार. हे लिहिलेलं असेल, खाली दुरुस्तीची तारीख असेल, आणि कोणी सांगितलं त्याचं नाव असेल, तर मी म्हणेन की ती इमारत कोणीतरी रोज बघतं. आमच्या रजिस्टरात त्या खोकलेल्या मावशींच्या नावाने नंतर सतरा नोंदी झाल्या. त्यांना लिहिता येत होतं, फक्त कोणी वही दिली नव्हती.

माझ्या विनंत्या तीन आहेत. अग्निशमन दलाने बी फॉर्मसोबत मागच्या सहा महिन्यांची प्रेशरची नोंद मागावी आणि सर्वांत वरच्या मजल्याच्या वॉल्व्हला त्या दिवशी किती प्रेशर मिळालं तो आकडा फॉर्मवरच लिहायला लावावा. राष्ट्रीय इमारत संहिता तिथे किमान साडेतीन किलो मागते. दुसरं, हा फॉर्म व्यवस्थापकाच्या कपाटात राहू नये. लिफ्टचा परवाना जसा लिफ्टमध्ये दिसतो तसा हा इमारतीच्या दाराशी मराठीत लागावा, म्हणजे रोज आत जाणाऱ्या माणसाला तो वाचता येईल. आणि तिसरी विनंती नोकरी करणाऱ्या वाचकांना आहे. 4 मार्चला राष्ट्रीय सुरक्षा दिन येतो, ऑफिसात बिल्ले वाटले जातील, शपथ होईल. त्या दिवशी आपल्या मजल्यावरच्या हाऊसकीपिंगच्या मावशींना विचारा की आग लागली तर त्या कुठून बाहेर जातील. त्यांनी काय उत्तर दिलं ते आपल्या ॲडमिनला लेखी कळवा.

मी राहतो ती सोसायटी अकरा मजल्यांची आहे. कमिटीने मला पंपाचं बघायला सांगितलंय. बी फॉर्म मागच्या आठवड्यात गेला, सगळं ठीक असल्याचा. पण गच्चीवरचा हायड्रंट वॉल्व्ह गेल्या कित्येक वर्षांत कोणी उघडल्याचं वॉचमनला आठवत नाही. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता तो आणि मी मिळून उघडणार आहोत. गेज विकत आणलाय. जो आकडा येईल तो खालच्या नोटीस बोर्डावर खडूने लिहू.

आपला,
एक निवृत्त फॅसिलिटी सुपरवायझर
थेरगाव, पुणे